टेमगिरे टीव्हीवर दिसले तेव्हा

टेमगिरे मला कळले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कोणी विचारायला नको की बाई, एवढं पुराण लावलंत, पण माणूस होता कसा? वीसेक वर्षं आम्ही एका कंपनीत काढली, एका गल्लीत राहिलो, आणि त्या सगळ्या काळात ते माझ्याशी बोलले ते बहुतेक दाराच्या चौकटीला टेकून. म्हणजे टोपी काढायची, आतून बघायची, परत डोक्यावर ठेवायची आणि "येतो बाई" म्हणून निघून जायचं. हे त्यांचं बोलणं. आणि हाच माणूस पुढे टेलिव्हिजनवर बोलायला गेला. आता यावर मी काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

मी पिंपरीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. बासष्ट साली लागले तेव्हा कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून ज्वारी उभी असायची आणि दुपारच्या शिफ्टचे लोक बांधावरून चालत यायचे. माझी केबिन टाइम ऑफिसच्या शेजारी. एका बाजूला टेलिफोनचा बोर्ड, त्याच्या दोऱ्या आणि पिना, दुसऱ्या बाजूला भोंग्याचा माइक. अमक्याने साहेबांना भेटावं, तमक्याच्या घरून निरोप आहे, हे सगळं मीच त्यावर सांगायची. दिवसभर कानात आवाज. माणसं दिसायची नाहीत, आवाज ओळखीचे. पुण्याच्या ऑफिसातला एक हेडक्लार्क माझ्याशी बारा-तेरा वर्षं रोज बोलला आणि एकदा समोर आला तर मी त्याला शिपाई समजून चहा आणायला सांगितलं.

सदाशिव टेमगिरे मशीन शॉपमध्ये टर्नर होते. मूळचे चाकणजवळच्या महाळुंग्याचे. तेव्हा महाळुंग्यात कारखाना औषधालाही नव्हता. रोजची एसटी परवडेना म्हणून त्यांनी कासारवाडीला आमच्याच गल्लीत एक खोली घेतली आणि आईला घेऊन आले. लग्न केलेलं नव्हतं. कोणी विषय काढला की "बघू" म्हणायचे. पगारवाढीला "बघू", युनियनच्या वर्गणीला "बघू", दवाखान्यात जाता का, तर "बघू". मला राग यायचा. अहो, माणसानं एकदा तरी हो किंवा नाही म्हणावं.

त्यांचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला तो कंपनीच्या वार्षिक खेळांच्या दिवशी. माइकवर बोलणारे लेबर ऑफिसर ऐन वेळी घसा धरून बसले. मशीन शॉपच्या पोरांनी, काय खोडी सुचली कोण जाणे, टेमगिऱ्यांना पुढे ढकललं. मला वाटलं, आता हा माणूस माइकसमोर उभा राहून टोपी काढणार आणि घालणार. पण त्यांनी खिशातून एक लवंग काढून गालात धरली, डावा हात कानावर ठेवला आणि सुरू केलं. असा भरदार, स्वच्छ, काठोकाठ आवाज, की मैदानावरच्या बायकांनी पोरांना गप्प केलं. आणि भाषा? ना व्हय, ना न्हाई. शाळामास्तरांनी ऐकत बसावं अशी.

पहिलाच खेळ अधिकाऱ्यांच्या बायकांचा, लिंबू-चमचा. टेमगिरे सांगू लागले, "मोठ्या साहेबांच्या बाईसाहेब आघाडीवर. नजर समोर. पाऊल ठाम. लिंबू पडलं. बाईसाहेब थांबलेल्या नाहीत. चमचा रिकामा आहे, पण वेग तोच आहे." सगळं मैदान हसून लोळलं. बाईसाहेब पहिल्या आल्या खऱ्या, पण बक्षीस घ्यायला काही उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेबांनी टेमगिऱ्यांना बोलावून घेतलं. तिथून ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. मी विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"असं का बोललास म्हनले."

"मग?"

"मी म्हनलो, दिसलं ते बोललो."

"आणि हा आवाज तुम्ही इतकी वर्षं कुठं ठेवला होता हो?"

टोपी काढली, आतून बघितली. "मला काय म्हाईत बाई. माइक लावला की येतो." आणि गेले.

साहेब रागावले, पण माणूस हेरून ठेवला. पुढे कंपन्या-कंपन्यांचे कबड्डीचे सामने सुरू झाले आणि टेमगिऱ्यांशिवाय सामना लागेना. कबड्डीला त्यांची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कोणाची बघितली नाही. चढाई करणारा गडी मध्यरेषा ओलांडून "कबड्डी कबड्डी" असा दम धरून गेला की टेमगिरेही दम धरायचे. त्या एका दमात सगळी चढाई सांगायची. कोण कोपऱ्यात दबा धरून बसलाय, कोणाचा हात कुठं आलाय, कोणाला शिवलं, सगळं. मध्ये श्वास घ्यायचा नाही. गडी परत आला की मग टेमगिरे श्वास घेणार. त्यामुळे गंमत अशी व्हायची की ऐकणाऱ्यालाही श्वास घेता यायचा नाही. आमच्या टाइम ऑफिसातले दम्याचे एक क्लार्क सामन्याला यायचेच बंद झाले.

मी एकदा म्हटलं, "अहो, मरायचंय का? तो खेळतोय, त्याला नियम आहे. तुम्हाला कोणी सांगितलंय श्वास कोंडायला?"

ते म्हणाले, "त्यो तिकडं एकला दम धरून मरायला गेलाय, आन् मी हितं आरामात श्वास घेत त्याच्यावर बोलू? त्ये बरं दिसत न्हाई."

यात काही तर्क आहे का? असेलही. मी त्यावर बरेच दिवस डोकं खाजवलं आणि सोडून दिलं.

मग सिंहगडावर टेलिव्हिजनचा तो मनोरा उभा राहिला आणि मुंबईचं चित्र आमच्याकडे दिसायला लागलं. कंपनीच्या क्लबच्या हॉलमध्ये एक संच आला. त्याला लाकडी दारं होती आणि दारांना कुलूप होतं, किल्ली वॉचमनकडे. त्याच सुमारास पिंपरीच्या मैदानावर मोठी स्पर्धा झाली, तिला टेलिव्हिजनचा कोणी माणूस आला होता म्हणे. पंधरा दिवसांनी माझ्या बोर्डावर मुंबईचा ट्रंककॉल आला. "तुमच्याकडे कबड्डीवर बोलणारे कोणी टेमगिरे आहेत का?" मी भोंग्यावरून त्यांना बोलावलं. हात तेलानं भरलेले, रिसीव्हर चिंधीत धरून उभे. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला आणि हे म्हणाले, "बघू." मी हातातली पिन बोर्डावर आपटली. तेव्हा दचकून म्हणाले, "येतो साहेब."

कंपनीत नुसती धांदल उडाली. आपला माणूस टेलिव्हिजनवर जाणार. मोठ्या साहेबांनी रजा दिली, लिंबू विसरून. टेमगिऱ्यांनी पांढरा शर्ट शिवून घेतला. जायच्या आदल्या दिवशी दारात आले तेव्हा चेहरा पडलेला. म्हणाले, "बाई, ते साहेब म्हनत्यात, लोकांना दिसतंय ते सांगू नका. आता दिसलेलं सांगायचं न्हाई, तर मग न दिसलेलं सांगू का?" मला तरी काय कळत होतं? मी म्हटलं, "तुम्ही दम धरा आणि बोला. पुढचं ते बघतील."

त्या रविवारी महाळुंग्याहून एक ट्रक भरून माणसं आली. हॉल गच्च. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर टेमगिऱ्यांच्या आई, सरूबाई. हडकुळी बाई, कपाळाला बुक्का, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. खुर्चीवर बसायची सवय नाही म्हणून पाय वर घेऊन बसलेल्या. शेजारी मी. वॉचमननं कुलूप काढलं, दारं उघडली, काचेवर मुंग्या आल्या, मग चित्र आलं. मुंबईचं मैदान. आणि आवाज आला टेमगिऱ्यांचा. "नमस्कार." हॉलमध्ये टाळ्या.

सामना सुरू झाला. गडी येतायत, जातायत. पंच दिसला, टोपीवाले पाहुणे दिसले, बिस्किटं खाणारं एक पोर दिसलं. अर्धा सामना झाला तरी टेमगिरे काही दिसेनात. ट्रकवाल्यांत चुळबूज सुरू झाली. एक पैलवान उठून म्हणाला, "आमचा मानूस कुटं हाय राव? आमी काय ह्या उघड्या पोरांना बगाया आलोय का?" मी उभी राहून समजावलं की बोलणारा माणूस दिसत नसतो, तो बाजूला टेबलावर बसून बोलतो, दिसतो तो खेळ. पैलवान म्हणाला, "मग रेडिओ काय वाईट होता?" मी खाली बसले.

 सरूबाईंचा हात मात्र माझ्या मनगटावर होता आणि तो गार पडत चालला होता. सामना संपला, दारं लागली, ट्रक निघून गेला. तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, त्याचा आवाज हितं हाय, मग त्यो कुटं हाय?"

"मुंबईला आहेत, आजी."

"मग आवाज हितं कसा?"

"तो येतो. हवेतून येतो."

"आन् मानूस?"

"माणूस तिकडेच राहतो."

 मी दिवसभर दोऱ्या जोडून आवाज इकडून तिकडे पाठवणारी बाई, त्यावरच माझं पोट, आणि मला ते समजावून सांगता येईना. जितकं सांगावं तितकं ते मलाच भलतं वाटायला लागलं.

घरी जाताना त्यांनी सांगितलं. टेमगिऱ्यांचे वडील मुंबईला गोदीत होते. एका सकाळी सरूबाई अंगण सारवत होत्या आणि दारातून नवऱ्याची हाक आली, "अगं, पानी दे." स्पष्ट, जवळून. त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या तर कोणी नाही. तिसऱ्या दिवशी गावात निरोप आला की गोदीत गेला. माती तिकडेच झाली. माणूस परत दिसलाच नाही. "मानूस जित्ता असला म्हंजी आवाजासंगं दिसतो बाई," त्या म्हणाल्या. "नुसता आवाज आला, की समजायचं."

त्या रात्री त्यांनी अन्नाला हात लावला नाही. सोमवारी सकाळी टेमगिरे दारात उभे राहिले, तेव्हा सरूबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, मग चूल पेटवली. आणि तो नेमच झाला. टेमगिऱ्यांना बोलावणं आलं आणि त्यांचा आवाज हॉलमध्ये ऐकला, की लेक दारात येईपर्यंत सरूबाई उपाशी. मी म्हणायची, "मग ऐकायला जाता कशाला?" तर म्हणायच्या, "मी न्हाई ऐकला तर कोन ऐकंल? तितंच आदी कळंल ना काय झालं त्ये." हेही मला कळलं नाही. भीती वाटते तिथेच बाई पहिल्या रांगेत जाऊन बसायची.

टेमगिऱ्यांचं मात्र नाव व्हायला लागलं. मुंबईच्या साहेबांना तो एका दमातला प्रकार आवडला. महिन्या-दीड महिन्यानं बोलावणं यायचं, कबड्डीला, कधी खो-खोला, एकदा कुस्त्यांना. गावोगाव त्यांचा आवाज माहीत झाला. आवाजच. तोंड कोणी बघितलेलं नाही आणि एरवी ते बोलायचे नाहीत, मग ओळखणार कसं? पिंपरीच्या बाजारात एक भाजीवाला एकदा त्यांनाच टेमगिऱ्यांची नक्कल करून दाखवत होता. मी न राहवून म्हटलं, "अहो, हेच ते." भाजीवाल्यानं यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "काय चेष्टा करता बाई. टेमगिरे साहेब असे असत्यात व्हय?" टेमगिऱ्यांनी टोपी काढली, घातली आणि मेथी घेऊन निघाले. मला वाटलं दुखावले असतील. तसं काही दिसलं नाही. काहीच दिसलं नाही.

सरूबाई मात्र खंगत चालल्या. वय झालेलं, त्यात हे उपास. एकदा नळावर घेरी येऊन पडल्या, कपाळाला खोक पडली. टेमगिऱ्यांना मुंबई सोडवत नव्हती, हे मला स्पष्ट दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला काहीतरी हवं होतं, आणि ते "बघू" म्हणून सोडून देता येत नव्हतं. लवंगा आता नेहमीच खिशात असायच्या. लेथवर काम करताना पुटपुटायचे. पण आईकडे बघवतही नव्हतं. मी सुचवलं, "एकदा त्यांनाच घेऊन जा मुंबईला. दाखवा टेबल, दाखवा माइक. संपलं."

"ती न्हाई यायची. मुंबईनं एक घेतला तिचा."

मग एके दुपारी माझ्या केबिनमधून त्यांनी मुंबईला फोन लावायला सांगितला. स्वतःहून, पहिल्यांदाच. माझ्यासमोरच बोलले. "साहेब, एक विनंती हाय. मला एकदा दाखवता का? एकदाच. बोलताना." पलीकडून हसल्याचा आवाज मला इथवर ऐकू आला. मग काहीतरी लांबलचक सांगितलं गेलं. हे "बरं साहेब, बरं साहेब" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "बातम्या सांगनारा दिसतो. खेळ सांगनारा दिसत न्हाई. असा कायदा हाय म्हनं."

"कायदा कसला? त्यांना कारण तरी सांगायचंत. आईचं सांगायचंत."

टोपी काढली. बराच वेळ आत बघत राहिले. "आईचं काय सांगायचं बाई. हसली असती ती मानसं."

पुढच्या महिन्यात अंतिम सामना होता, तोही थेट दाखवणार होते. जायच्या दिवशी सकाळी मी अंगणात होते. टेमगिरे आईला सांगत होते, "ह्या टायमाला मी दिसनार हाय. नीट बग. मी दिसलो, की मग भाकर खायची. कबूल?" सरूबाई म्हणाल्या, "कबूल." मी मनात म्हटलं, बरं झालं, साहेबांनी ऐकलं म्हणायचं. मला काय ठाऊक?

हॉल पुन्हा गच्च. बातमी फुटली होती की या वेळी टेमगिरे दिसणार. मोठे साहेब सपत्नीक आले होते. सरूबाई मधल्या खुर्चीवर, पाय वर घेऊन. सामना अटीतटीचा. टेमगिऱ्यांचा आवाज असा लागला होता की हॉलमध्ये कोणाचा श्वास ऐकू येत नव्हता. दुसरा डाव सुरू झाला. एक चढाई संपली, गडी परतला, टेमगिऱ्यांनी श्वास घेतला आणि ते गप्प झाले.

दुसरा गडी चढाईला निघाला. आवाज नाही. वॉचमन उठून संचाचं बटण पिरगाळायला लागला. आणि तेवढ्यात चित्रात, मैदानाच्या कडेच्या रेषेवर, डावीकडून एक पांढरा शर्ट आला. टेमगिरे. चालत आले, मधोमध थांबले, आमच्याकडे तोंड केलं. मागे गडी खेळतायत, कोणाचं लक्ष नाही. त्यांनी टोपी काढली, हात जोडले. तोंड हलत होतं. काहीतरी सांगत होते, अगदी सावकाश, पुन्हा पुन्हा तेच. पण माइक राहिला होता टेबलावर. आम्हाला काडीचं ऐकू येत नव्हतं.

हॉलमध्ये क्षणभर काय चाललंय ते कोणालाच कळेना. एकानं टाळी वाजवली आणि थांबला. सरूबाई खुर्चीवरून उतरल्या, संचापाशी गेल्या, काचेवर हात ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता मानूस हाय बाई, पन आवाज गेला." मग परत काचेकडे. "सदा. बोल की रं."

चित्रात एक हात आला आणि टेमगिऱ्यांना दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. थोड्या वेळानं आवाज सुरू झाला. दुसराच कोणीतरी, गोड, गुळगुळीत, मध्ये मध्ये मजेत श्वास घेत बोलणारा. सरूबाई म्हणाल्या, "ह्यो कोन?" आणि पदर सावरून चालू लागल्या. मी रडतच त्यांच्या मागे धावले.

दुसऱ्या दिवशी कंपनीत ज्याला त्याला कारण माहीत होतं. कोणी म्हणालं, घेतली असणार. कोणी म्हणालं, युनियनचा डाव आहे. मोठे साहेब म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला, प्रसिद्धी पचत नाही या लोकांना. टेमगिऱ्यांना कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी काय, टोपीच बघितली असती. दुपारी मुंबईचा फोन आला. मी जोडून दिला. दोन मिनिटंही झाली नाहीत. "बरं. बरं साहेब. चूक झाली." रिसीव्हर ठेवला, चिंधीनं पुसला. त्यानंतर मुंबईहून त्यांच्यासाठी फोन आला नाही. संपलं टेलिव्हिजन.

मी खरंच चिडले होते. म्हटलं, "काय मिळवलंत? तिथं उभं राहून बडबडत काय होतात एवढं?"

"जेव म्हनालो," ते म्हणाले. "आई, जेव. एवढंच."

"आणि जेवल्या का?"

ते पहिल्यांदाच थोडे हसले. "तिला वाटलं, मलाच भूक लागलीया. तोंड हलत होतं ना. घरी जाऊन भाकरी थापल्या तिनं, पिठलं टाकलं, आन् बसली वाट बगत. सकाळी गेलो तर दोघांचंबी पान वाढलेलं. मग जेवलो."

 मी बोर्डाकडे तोंड फिरवून पिना लावत बसले. पश्चात्ताप होतो का, असं पुढे कधीतरी विचारलं. तर म्हणाले, "बघू."

पुढची वर्षं ते लेथवर होते. मैदानावरच्या सामन्यांनाही जायचे थांबले. लवंगाही सुटल्या. मग हॉलमध्ये रंगीत संच आला आणि एका रविवारी दिल्लीहून कबड्डीचा मोठा सामना दाखवत होते. मध्येच आवाज गेला. नेहमीचंच, चित्र राहायचं, आवाज जायचा. पोरांनी ओरडायला सुरुवात केली आणि मागून कोणीतरी म्हणालं, "टेमगिरेकाका आहेत ना. उठा की काका." त्यांना अक्षरशः उचलून संचाशेजारी उभं केलं. त्यांनी खिसे चाचपले. लवंग नव्हती. डावा हात कानावर गेला आणि सुरू झाले. पाच मिनिटांनी दिल्लीचा आवाज परत आला, तर पोरांनी उठून बटण फिरवलं आणि तो बंद केला.

तेव्हापासून कबड्डी असली की आमच्या हॉलमध्ये टीव्ही मुका आणि शेजारी टेमगिरे. सरूबाईंना उचलून आणावं लागायचं, इतक्या थकल्या होत्या. मधल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसायच्या आणि संचाकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. लेकाकडे बघायच्या. तो बोलतोय, तो दिसतोय. सामना कोणाचा, कोण जिंकलं, कशाशी देणंघेणं नाही. सामना संपला की घरी जाऊन व्यवस्थित जेवायच्या. लाल निळ्या रंगांतले एवढे गडी सोडून त्या म्हाताऱ्या लेकाच्या पांढऱ्या शर्टाकडे बघत बसायच्या आणि मला त्यांच्याकडे बघून फार बरं वाटायचं.

शेवटचं बघितलं ते असंच एका रविवारी. मी नोकरी सोडून मुलाकडे राहायला जाणार होते, म्हणून मुद्दाम गेले. सामना रंगला होता. एक उंच गडी चढाईला गेला आणि आतच रेंगाळला, निघेना. टेमगिऱ्यांनी त्याच्याबरोबर दम धरला होता. बोलतायत, बोलतायत, मानेच्या शिरा फुगल्या. साठीला आलेला माणूस. गडी अजून आत. आणि टेमगिऱ्यांचा दम तुटला. शब्द अर्धाच राहिला. एक हात संचावर, एक छातीवर, तोंड उघडं. चित्रातला गडी तसाच पुढे सरकत होता, आणि हॉलमध्ये चिडीचूप. आवाज नाही, कसलाच नाही. मी सरूबाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता या बाईचं काय होणार.

सरूबाईंनी पाय खाली सोडले. लेकाला नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, "घे दम. मी बगते तवर."

आणि त्यांनी मान वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या संचाकडे बघायला लागल्या. डोळे बारीक करून, पुढे वाकून, आपल्या बारक्या चिरक्या आवाजात सांगायला लागल्या, "त्यो लांबडा आत हाय. दोघं त्याच्या पायाकडं टपल्यात. हात लावला ह्यानं. धरला... न्हाई, सुटला. पळतोय. आला रं, आला, घरी आला."